तळ्याकाठचा गोल्फ आणि पाहुण्याची पायरी

नांदेड-लातूरचं हैदराबादशी नातं जुनं आहे. १७ सप्टेंबर १९४८ला आपण निजामाच्या राज्यातून सुटलो, पण सोयरिकी, दवाखाने, लग्नाची खरेदी आणि आता पोरांच्या आयटीतल्या नोकऱ्या यांमुळे त्या रस्त्यावरची वर्दळ कधी थांबली नाही. अलीकडे त्या रस्त्याने एक नवं आमंत्रण येऊ लागलं आहे. गच्चीबावलीत स्थिरावलेला भाचा, औषध कंपनीत वरच्या हुद्द्यावर गेलेला वर्गमित्र किंवा मुलीचे सासरे सहज फोनवर म्हणतात, "या वेळी एक दिवस जास्त काढून या. रविवारी सकाळी क्लबवर गोल्फ खेळू." आपण हो म्हणतो, फोन ठेवतो आणि मग पंचाईत सुरू होते. घालायचं काय, पैसे कोण देणार, आपल्याला खेळता कुठे येतं?

हे आमंत्रण नाकारू नका, असं माझं मत आहे. पण जाताना एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा. खासगी मैदानावर तुम्ही तुमच्या नावाने खेळत नसता, सभासदाच्या नावाने खेळत असता. रजिस्टरमध्ये तुमच्यापुढे त्याची सही असते. तुम्ही उशिरा आलात, ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चुकीच्या बुटांनी फिरलात, मागच्या चौघांना ताटकळत ठेवलंत, तर कमिटीची चिठ्ठी त्याला जाते. तुमचा खेळ वाईट असला तर कोणाचंच काही बिघडत नाही, कारण क्लबमधल्या निम्म्या लोकांचा खेळ वाईटच असतो. त्यामुळे पाहुण्याची सगळी तयारी फटक्याची नसते. ती वेळेची, कपड्यांची आणि पाण्याजवळ डोकं शांत ठेवण्याची असते.

पाण्याचं म्हणायचं कारण असं, की आपल्याला सगळ्यांत जवळचं मोठं मैदान तळ्याच्या शेजारचं आहे. गोवळकोंड्याच्या मुख्य किल्ल्याला ईशान्येकडे जोडून सतराव्या शतकात कुतुबशाहीने तटबंदी वाढवली, तो नया किल्ला. त्या तटाच्या आत हैदराबाद गोल्फ क्लबचा अठरा होलचा कोर्स आहे. बुरूज आहेत, मुल्ला खयालीची मशीद आहे, 'हत्तियाँ का झाड' म्हणून ओळखली जाणारी अवाढव्य गोरखचिंच आहे आणि शेजारी शाह हातिम तलाव आहे. या मैदानाच्या विस्तारावरून वारसाप्रेमी आणि तलावाच्या जमिनीसाठी झगडणारे नागरिक एका बाजूला व गोल्फवाले दुसऱ्या बाजूला, असा वाद वर्षानुवर्षं चालला आहे. पाहुण्याला त्यात पडायचं कारण नाही, पण तो माहीत असावा. झाडाशी किंवा बुरुजावर चढून फोटो काढताना आपण संरक्षित वास्तूत उभे आहोत, एवढं तरी भान त्यामुळे राहतं.

नांदेडहून नायगाव, देगलूर, पिटलम, संगारेड्डी असा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आहे. लातूरकर उदगीर-बीदर-जहीराबाद करून जातात. दोन्हीकडून येणारा माणूस शहरात पश्चिमेकडून शिरतो, त्यामुळे चारमिनारच्या गर्दीत अडकावं लागत नाही. तरी पहाटे तीनला घरून निघून सातला खेळायला उभं राहण्याचा पराक्रम कोणी करू नये. चार तास स्टिअरिंग धरलेल्या खांद्यांनी स्विंग होत नाही. आदल्या संध्याकाळी पोहोचा, हलकं जेवा, लवकर झोपा.

फोनवर काय विचारून घ्यायचं

यजमानाला प्रश्न विचारायला लाजू नका. उलट, विचारणारा पाहुणा त्याला बरा वाटतो. पहिला प्रश्न हँडिकॅपचा. हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाची अधिकृत पातळी. पार बहात्तरचं, म्हणजे तरबेज खेळाडूने बहात्तर फटक्यांत संपवावं असं मैदान तुम्ही साधारण नव्वद फटक्यांत संपवत असाल तर ढोबळमानाने तुमचा हँडिकॅप अठराच्या आसपास. २०२०पासून जगभर एकच हँडिकॅप पद्धत लागू झाली असून तिची कमाल मर्यादा ५४ आहे. काही क्लब हँडिकॅप नसलेल्या पाहुण्याला मुख्य कोर्सवर सोडत नाहीत, काही फक्त दुपारी सोडतात, तर काही आधी ड्रायव्हिंग रेंजवर चार बॉल मारून दाखवायला सांगतात. तुम्ही नवखे असाल तर ते आधीच स्पष्ट सांगा. "थोडंफार येतं" हे आपलं लाडकं वाक्य इथे घात करतं. 'थोडंफार' म्हणणारे दोघं असतात. एकाने पंधरा वर्षं खेळलेलं असतं आणि दुसऱ्याने लग्नाच्या रिसॉर्टवर दोनदा काठी फिरवलेली असते. यजमानाला तुम्ही त्यांतले कोण, हे कळायला हवं, म्हणजे तो नऊ होलच खेळायचं ठरवेल किंवा गर्दी नसलेली वेळ घेईल.

दुसरा प्रश्न कपड्यांचा. कॉलरचा टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला, साधी कापडी पँट किंवा गुडघ्यापर्यंतची नीट शिवलेली शॉर्ट, पट्टा आणि टोपी एवढं घातलं की भारतातल्या बहुतेक क्लबांत चालतं. जीन्स, गोल गळ्याचा टी-शर्ट, ट्रॅक पँट आणि चप्पल कुठेच चालत नाही. बूट गोल्फचे असतील तर रबरी गुट्ट्यांचे हवेत, लोखंडी खिळ्यांचे नकोत. गोल्फचे बूट नसतील तर सपाट तळाचे स्वच्छ स्पोर्ट्स शूज चालतात का, ते विचारा. बायकांनी बाह्या नसलेला पण कॉलरचा टॉप घातला तर सहसा हरकत नसते, तरी विचारून घेतलेलं बरं. नाश्त्याच्या हॉलचे नियम वेगळे असू शकतात. खेळून आलेल्या घामेजल्या कपड्यांत आत सोडत नसतील तर बदलायचा जोड बरोबर असू द्या.

तिसरा प्रश्न पैशांचा, आणि इथे आपण मराठवाड्याची माणसं नेमकी अडखळतो. पाहुण्याला पैशाचं विचारणं यजमानाला जड जातं आणि पाहुण्याला बिल न देणं जड जातं. खासगी क्लबात अनेकदा पाहुण्याकडून पैसे घेतच नाहीत. ग्रीन फी, कार्ट, भाड्याचा सेट, चहा-ऑम्लेट हे सगळं सभासदाच्या खात्यावर चढतं. पाहुण्याची ग्रीन फी सभासदापेक्षा बरीच जास्त असते आणि शनिवार-रविवारी आणखी वाढते. म्हणून काउंटरवर पाकीट काढून "नाही नाही, मी देतो" अशी झोंबाझोंबी करू नका. क्लबच्या लोकांना ते नवीन नसतं, पण यजमानाला ओशाळवाणं होतं. आदल्या दिवशी साधं विचारा, "ग्रीन फी किती पडेल? तेवढी मी तुम्हाला पाठवतो." तो नको म्हणाला तर बाहेरचं जेवण तुमच्याकडे लागलं. घरून नेण्यासारखंही आपल्याकडे आहे. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूर डाळीला आणि पानचिंचोलीच्या चिंचेला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. हैदराबादेत खट्टी दाल करणाऱ्या घरात या दोन पिशव्यांइतकं शोभणारं दुसरं काही मला सुचत नाही.

कॅडीचे, म्हणजे बॅग उचलून तुमच्याबरोबर चालणाऱ्या माणसाचे पैसे मात्र रोख असतात आणि ते तुमचे तुम्ही द्यायचे. ठरलेली रक्कम किती आणि वर किती द्यायची पद्धत आहे, हे यजमानाला विचारा व सुट्ट्या नोटा खिशात ठेवा. फार जास्त देऊन मोठेपणा मिरवू नका, त्याचा त्रास पुढच्या रविवारी सभासदालाच होतो. आणखी एक. कित्येक चौकड्या होलागणिक छोट्या रकमा लावून खेळतात. सुरू होण्याआधी कळलं तर "मी नवा आहे, मला धरू नका" असं हसून सांगता येतं. नवव्या होलवर कळलं तर नाही.

घरच्या घरी तयारी

आपल्याकडे सरावाला जागा कुठे, हा प्रश्न रास्त आहे. पण पाहुणा म्हणून निभावून न्यायला लागणारा सराव घरीही होतो. सतरंजीवर ग्लास आडवा ठेवून दहा-बारा फुटांवरून पटिंग करा. गच्चीवर किंवा मोकळ्या शेतात प्लास्टिकच्या जाळीदार बॉलने वीस-तीस पावलांचे छोटे फटके मारा. एकूण फटक्यांतले निम्म्याहून जास्त ग्रीनच्या आसपासच खर्ची पडतात, त्यामुळे हा सराव वाया जात नाही. लांबचे फटके हैदराबादला पोहोचल्यावर आदल्या संध्याकाळी रेंजवर मारा.

क्रिकेट खेळलेल्यांना एक सूचना. आपला हात बॉल येण्याची वाट पाहायला शिकलेला असतो. इथे बॉल जागचा हलत नाही, म्हणून आपण घाईघाईत त्याच्यावर झडप घालतो. उजवा हात आडवा येतो आणि बॉल सुसाट उजवीकडे वळतो किंवा जमिनीलगत डावीकडे पळतो. उपाय एवढाच, की ताकदीच्या तीन-चतुर्थांश जोराने मारा आणि फटका झाल्यावर तोल जाऊ न देता पुढच्या पायावर उभं राहता येतंय का, ते पाहा. कपिल देव क्रिकेट सोडून गोल्फमध्ये रमला आणि चांगला खेळला हे खरं, पण त्यासाठी त्याने वर्षं घातली.

स्टिक भाड्याने घ्या. नियमाने चौदापर्यंत ठेवता येतात, पण नवख्याला सात-आठ पुरतात. डावखुरे असाल तर आधीच कळवा, कारण डावखुऱ्यांचा भाड्याचा सेट बहुतेक ठिकाणी नसतो. बॉल मात्र स्वतःचे न्या, आणि नवे कोरे, महागडे मुळीच नेऊ नका. तळ्यातून काढून धुऊन विकलेले 'लेक बॉल' मिळतात, ते डझनभर घ्या. प्रत्येकावर स्केचपेनने आपली खूण करा, म्हणजे रफमध्ये दुसऱ्याचा बॉल मारण्याचा घोळ होत नाही. टी, एक नाणं, हातमोजा, पाण्याची बाटली, रुमाल आणि सनस्क्रीन घेतलं की झाली तयारी.

कॅडीचं ऐका

टी टाइम, म्हणजे पहिला फटका मारायची ठरलेली वेळ, सातचा असेल तर सव्वासहाला पोहोचा. गेटवर ओळखपत्र दाखवा, यजमानाचं नाव आणि सभासद क्रमांक सांगा. मोबाईल सायलेंट करा, खिशात ठेवा आणि तिथेच राहू द्या.

कॅडीला पहिल्या मिनिटात खरं सांगा, "भाई, मैं नया हूँ, जहाँ बोलेंगे वहाँ मारूँगा." दखनी आपल्या कानाला परकी नाही. देगलूर-उदगीरच्या माणसाला तर ती घरचीच. "हल्लू मारो साब, हल्लू" हा सल्ला त्या सकाळी तुम्हाला पुष्कळदा ऐकू येईल, आणि दर वेळी तो बरोबर असेल. कॅडीला मैदानाचा उतार माहीत असतो, वारा माहीत असतो आणि तुमचा फटका किती जाईल, हे तीन होलनंतर तुमच्यापेक्षा त्याला जास्त माहीत असतं. दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरने १९९१ आणि १९९३ अशी दोनदा इंडियन ओपन जिंकली. बॅग उचलणाऱ्या माणसाला खेळातलं काय कळणार, असं ज्याला वाटतं त्याने हे दोन आकडे लक्षात ठेवावेत. कॅडीला 'ए' म्हणून हाक मारू नका, नाव विचारा.

फटका मारणाऱ्याच्या मागे किंवा त्याच्या सरळ रेषेत उभं राहू नका, त्याच्या नजरेला येणार नाही अशा बाजूला थांबा. बोलणं थांबवा. फटक्याने उखडलेला मातीचा तुकडा परत बसवा किंवा कॅडीकडच्या वाळूने खड्डा भरा. ग्रीनवर बॉल पडून खळगा झाला असेल तर तो दुरुस्त करा. कसा, ते कॅडी दाखवेल. दुसऱ्याच्या बॉलपासून होलपर्यंतच्या वाटेवर पाय ठेवू नका. बंकरमधून निघाल्यावर वाळू रेकने सारखी करा. बॉल माणसांच्या दिशेने जातोय असं वाटलं, की "फोर!" म्हणून मोठ्याने ओरडा. त्यात संकोच नको, बॉलने डोळा जाऊ शकतो.

राहिला प्रश्न गतीचा. अठरा होलना चार ते साडेचार तास लागतात आणि मागे दुसरी चौकडी असते. नियमपुस्तक एका फटक्याला ४० सेकंदांपेक्षा जास्त घेऊ नका, असं सुचवतं. हरवलेला बॉल शोधायला आधी पाच मिनिटं मिळत, २०१९पासून तीनच मिळतात. पाहुण्याने तर दोनच घ्यावीत. पारच्या दुप्पट फटके झाले, की बॉल उचला, हसून म्हणा "माझं या होलचं झालं" आणि पुढे चालू लागा. यात कमीपणा नाही. उलट, बॉल उचलता येणारा नवखा सगळ्यांना हवाहवासा वाटतो.

पाण्यासमोर

तळ्याकाठच्या मैदानावर पाहुण्याची खरी परीक्षा इथे होते. नियम आधी समजून घ्या, म्हणजे ऐन वेळी गोंधळ होत नाही. पाण्याच्या कडेला पिवळ्या किंवा तांबड्या खुंट्या असतात. त्यांच्या आतला भाग म्हणजे पेनल्टी एरिया. बॉल आत गेला आणि चिखलात दिसतोय, तर दंडाशिवाय तिथूनच मारता येतो. २०१९पासून अशा जागी स्टिक जमिनीला टेकवली तरी चालते. मारता येण्यासारखा नसेल तर एक फटका दंड घ्यायचा. पिवळ्या खुंट्या असतील तर दोन वाटा मिळतात. पहिली, आधी मारला होता तिथूनच पुन्हा मारायचा. दुसरी, बॉलने जिथे शेवटची हद्द ओलांडली तो बिंदू आणि झेंडा सरळ रेषेत धरून त्या रेषेवर मागे हवं तितकं जाऊन टाकायचा. तांबड्या खुंट्यांना तिसरी वाटही असते. ओलांडलेल्या बिंदूपासून पटर सोडून सर्वांत लांब स्टिकच्या दोन लांब्यांच्या आत, होलच्या आणखी जवळ न जाता टाकायचा. टाकायचा म्हणजे गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. टीवरून मारलेला पहिला फटका पाण्यात गेला तर दंडाचा एक धरून पुढचा तुमचा तिसरा.

पांढऱ्या खुंट्या म्हणजे मैदानाची हद्द. तिच्या बाहेर बॉल गेला तर सोय नाही, दंड घेऊन मूळ जागेवरूनच मारायचा. म्हणून शंका आली, की पुढे चालत जाण्याआधीच 'प्रोव्हिजनल' असं सांगून दुसरा बॉल मारून ठेवा, वेळ वाचतो. पण बॉल पाण्यातच पडला हे सगळ्यांनी पाहिलं असेल तर प्रोव्हिजनल मारता येत नाही. किल्ल्याच्या मैदानावर आणखी एक गंमत असते. बॉल जुन्या भिंतीला टेकून थांबला तर काय करायचं, हे प्रत्येक क्लबाचा स्थानिक नियम ठरवतो. कुठे दंडाशिवाय बाजूला घेता येतो, कुठे भिंत मैदानाचाच भाग मानतात आणि सवलत मिळत नाही. हा नियम स्कोअरकार्डच्या मागे छापलेला असतो. नाश्त्याच्या टेबलावर तो वाचून ठेवणारा पाहुणा सभासदांवर चांगलीच छाप पाडतो.

नियम झाले, आता डोकं. समजा टीवरून तळं ओलांडायला १५० यार्ड लागतात. तुमचा सात नंबरचा आयर्न चांगला लागला तर १४० जातो. नेमक्या अशा वेळी माणूस म्हणतो, "आज लागेल." तो लागत नाही. अंतर मोजताना बॉल हवेतून किती जातो ते मोजा, पडून किती घरंगळतो ते धरू नका, पाण्यावर बॉल घरंगळत नाही. तुमच्या सर्वोत्तम फटक्याचं अंतर धरू नका, साधारण फटक्याचं धरा. समोरून वारा असेल तर एक-दोन नंबर मोठी स्टिक घ्या. झेंडा पाण्याच्या बाजूला असेल तर झेंडा विसरा आणि ग्रीनच्या लांबच्या अंगाला नेम धरा. आणि ओलांडणं आवाक्यात नसेल तर सरळ कडेने छोटा फटका मारून पुढे जा. कॅडी मनातल्या मनात तुम्हाला शाबासकी देईल.

दुसरा बॉलही बुडाला तर तिसरा मारू नका. हे मी ठासून सांगतो आहे, कारण या क्षणी भल्याभल्यांचं भान सुटतं. १९९८मध्ये फ्लोरिडातल्या बे हिल स्पर्धेत जॉन डेली सहाव्या होलवर आला. होल पार पाचचा, तळ्याला वळसा घालून जाणारा. डेली त्याआधी दोन मोठ्या जागतिक स्पर्धा जिंकलेला खेळाडू. तळ्यावरूनच बॉल काढायचा हट्ट धरून त्याने सहा बॉल पाण्यात घातले आणि त्या एका होलवर १८ फटके नोंदवले. तो व्यावसायिक होता, त्याला होल पुरा करावाच लागला. तुम्हाला बॉल उचलायची मुभा आहे. ती वापरा.

बुडालेला बॉल काढायला काठावरच्या गवतात शिरू नका. तिथे साप असतात, आणि काठ दिसतो तितका घट्ट नसतो. एका जुन्या बॉलसाठी घोट्यापर्यंत चिखलात रुतलेला पाहुणा क्लबात वर्षभर चर्चेत राहतो.

विजेच्या बाबतीत तर अजिबात हयगय नको. मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात आपल्या शिवारांत वीज पडून दरवर्षी माणसं-जनावरं दगावतात, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गोल्फच्या मैदानावर उघड्यावर उभा असलेला, हातात धातूची काठी धरलेला माणूस आणि शेजारी पाणी, असा सगळा धोका एकत्र येतो. भोंगा वाजला किंवा गडगडाट ऐकू आला, की पुढचा फटकासुद्धा मारू नका. एकट्या झाडाखाली थांबू नका, क्लबहाउस किंवा बंद गाडी गाठा. सभासद "अजून लांब आहे" म्हणत खेळत राहिले तरी तुम्ही निघा. इथे पाहुण्याने यजमानाचं ऐकायचं नाही.

तेवढी हिरवळ कुठल्या पाण्यावर?

लातूरचा माणूस हिरव्यागार फेअरवेवर उभा राहिला, की त्याच्या मनात हा प्रश्न येतोच. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून दहा टँकरांची पहिली पाणी रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा मांजरा धरण कोरडं पडलं होतं. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांना लागणाऱ्या पाण्यावरून मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. ज्याने त्या उन्हाळ्यात घागरींच्या रांगेत दिवस काढले, त्याला स्प्रिंकलरचे फवारे पाहून अवघडल्यासारखं वाटलं, तर त्यात चूक काही नाही. हा प्रश्न विचारावा का? विचारावा. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वापरता का, बोअरचं आहे का, उन्हाळ्यात किती भाग कोरडा सोडता, हे विचारणं गैर नाही, आणि चांगल्या क्लबांना त्याचं उत्तर देता येतं. फक्त ते पहिल्या टीवर, यजमान फटका मारायच्या बेतात असताना विचारू नका. नाश्त्यावर विचारा.

हैदराबादेशिवाय

पुण्याकडे जाणं सोयीचं असेल तर येरवड्याचा पूना क्लब गोल्फ कोर्स आणि बावधनच्या डोंगरात वसलेलं ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट ही नावं ऐकू येतील. लातूरहून रात्रीच्या मुंबई एक्स्प्रेसने पहाटे पुणे येतं, पण त्याच सकाळचा टी टाइम घेऊ नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळलेला उदयन माने पुण्याचाच, आणि गोल्फपटू अनिर्बान लाहिरीचा जन्मही पुण्यातला. मुंबईत चेंबूरला १९२७चा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. तिथे सभासदाशिवाय पाय ठेवायला मिळत नाही. ओळखीतलं कोणीच सभासद नसेल तर खारघरला सिडकोने उभारलेलं मैदान पाहा. तिथे पैसे भरून कोणालाही खेळता येतं, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्यासाठी खरं तर हेच उत्तम. कोणाच्या नावाचं ओझं डोक्यावर नसतं.

घरात कोणी फौजेत असेल तर लष्कराची मैदानं आहेत. सिकंदराबादला आहेत, इतर छावण्यांतही आहेत. कागदोपत्री त्यांना पर्यावरण उद्यान व प्रशिक्षण क्षेत्र म्हणतात. तिथे पाहुण्याची नोंद, गाडीचा नंबर आणि ओळखपत्र आधी द्यावं लागतं. फोटो काढायचा मोह आवरा. आवार छावणीचं आहे, पर्यटनस्थळ नव्हे. तुमच्या जिल्ह्यातल्या एखाद्या जिमखान्याचे किंवा क्लबचे तुम्ही सभासद असाल तर त्याचं बाहेरच्या क्लबांशी अॅफिलिएशन आहे का, तेही सचिवांना विचारा. कित्येकांच्या कार्डावर ही सोय छापलेली असते आणि कोणी कधी उलटून पाहत नाही.

मैदान कुठलंही असो, राउंड संपली, की टोपी काढून चौघांशी आणि कॅडीशी हात मिळवा. स्कोअर कितीही झाला असला तरी खरा सांगा. हँडिकॅपवाल्या खेळात खोट्याला फार दिवस थारा मिळत नाही. क्लबहाउसमध्ये दुसऱ्या सभासदाने पेय पाजलं तर घ्या, पण परत पाजायचा आग्रह धरू नका, ऑर्डर यजमानच देऊ शकतो. दुसऱ्या दिवशी त्याला निरोप पाठवा, त्यात कॅडीचं नाव घेऊन आभार माना आणि ठरलेले पैसे त्याच दिवशी पाठवून टाका.

खेळायला दिवस थंडीचे चांगले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हैदराबादची सकाळ अंगावर येत नाही, पण त्याच काळात शनिवार-रविवारचे पहाटेचे टी टाइम सभासदच आधी पटकावतात आणि पाहुण्यांना उरलेली वेळ मिळते. तेव्हा भाचा दिवाळीच्या फराळाला नांदेडला आला, की तिथेच तारीख ठरवून घ्या, आणि जमलं तर रविवारऐवजी मधल्या वारी जा. मैदान रिकामं असतं, ग्रीन फी कमी पडते आणि मागून घाई करणारं कोणी नसतं.